विश्लेषण : माळ्यावरची खेळणी पुन्हा खाली का येत आहेत? लेगो, मेकॅनोची ओढ मोठ्यांना कशामुळे?

लेगोच्या रंगीत विटा किंवा मेकॅनोच्या भोकाभोकांच्या पट्ट्या जोडत बसलेला चाळिशीतला माणूस एकेकाळी घरात चेष्टेचा विषय असे. आज हाच माणूस खेळणी उद्योगाचा लाडका ग्राहक आहे. त्याच्यासाठी वेगळे संच निघतात, त्याच्या कल्पनांना मानधन मिळते आणि त्याच्यामुळे जुन्या खेळण्यांचा मोठा दुय्यम बाजारही उभा राहिला आहे. पण मोठ्यांच्या परतण्यावर एखादे खेळणे किती काळ तगू शकते? लेगो आणि मेकॅनो या दोन खेळण्यांचा इतिहास याची वेगवेगळी उत्तरे देतो.

नेमके काय घडते आहे?

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने २०२० पासून काही संचांच्या खोक्यांवर ठळकपणे ‘१८+’ असे छापायला सुरुवात केली. ही खोकी काळ्या रंगाची आणि एखाद्या महागड्या घड्याळाच्या वेष्टनासारखी दिसतील अशी असतात. पुढच्याच वर्षी ७५६ तुकड्यांचा फुलांचा गुच्छ बाजारात आला. मग ९,०९० तुकड्यांचे ‘टायटॅनिक’ आणि २०२२ मध्ये १०,००१ तुकड्यांचा, जवळपास दीड मीटर उंचीचा आयफेल टॉवर आला. असे संच पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी नाहीत, हे उघड आहे. अमेरिकेत २०२४ च्या पहिल्या तिमाहीत मोठ्यांसाठीच्या खेळणी खरेदीने शाळापूर्व वयोगटासाठीच्या खरेदीलाही मागे टाकल्याचे ‘सर्काना’ या बाजार संशोधन संस्थेने नोंदवले. त्याच वर्षी लेगोचा महसूल ७,४३० कोटी डॅनिश क्रोनरवर पोहोचला. या ग्राहकांसाठी इंग्रजीत ‘किडल्ट’ असा जोडशब्दही रूढ झाला आहे.

‘डार्क एजेस’ म्हणजे काय?

लेगोच्या मोठ्या चाहत्यांना जगभर ‘एएफओएल’ म्हणजे ‘अ‍ॅडल्ट फॅन ऑफ लेगो’ म्हटले जाते. त्यांच्या बोलीत ‘डार्क एजेस’ हा शब्द वारंवार येतो. बालपणी खेळ सुटला तेव्हापासून मोठेपणी तो पुन्हा हाती आला तोपर्यंतचा काळ, असा त्याचा अर्थ. साधारण बारा-तेरा वर्षांच्या वयात मित्र हसतील म्हणून, अभ्यास वाढला म्हणून किंवा क्रिकेट, गाणी, संगणक अशी नवी वेडे लागली म्हणून डबा बाजूला पडतो. पुढे नोकरी, संसार, कर्जाचे हप्ते यांत वीस-पंचवीस वर्षे जातात. परतण्याची निमित्ते मात्र ठरलेली असतात. आपल्या मुलासाठी घेतलेला पहिला संच, आईवडिलांचे घर आवरताना हाती लागलेला जुना डबा, किंवा लहानपणी पाहिलेल्या चित्रपटातले यान दुकानाच्या काचेमागे दिसणे. १९९९ मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स’ संचांनी अशा अनेकांना परत आणले, कारण मूळ चित्रपट पाहिलेली मुले तोवर कमावती झाली होती. २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या अनेकांचे ‘डार्क एजेस’ असेच संपले.

जुनी वीट नव्या विटेत कशी बसते?

परतणाऱ्याला सर्वात मोठा दिलासा देते ती या खेळण्याची तांत्रिक बाजू. बिलुंड गावातील सुतार ओले कर्क ख्रिस्तियानसेन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांपासून ‘लेगो’ हे नाव तयार झाले. प्लास्टिकच्या विटा १९४९ मध्ये आल्या, मात्र ही कल्पना पूर्णपणे त्यांची नव्हती. ब्रिटनमध्ये हिलरी फिशर पेज यांच्या ‘किडीक्राफ्ट’ने तशा विटा आधीच बनवल्या होत्या. त्या पोकळ विटांची पकड मात्र कमकुवत होती. ओले यांचे पुत्र गॉटफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी नव्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. वरच्या गोल उंचवट्यांना घट्ट धरणाऱ्या नळ्या विटेच्या पोटात बसवण्याची ती रचना होती. विटा सहज निघतात, पण आपोआप सुटत नाहीत, हे त्यामुळे साधले.

तेव्हापासून मापे बदललेली नाहीत. साच्यांची अचूकता मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागापर्यंत राखली जाते. त्यामुळे आजोबांच्या डब्यातली वीट नातवाच्या नव्या संचात बसते. दोन बाय चार उंचवट्यांच्या एकाच रंगाच्या फक्त सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजले आहे. मोबाइल किंवा व्हिडीओ गेम दहा वर्षांत कालबाह्य होतो. या डब्याला मात्र तीस वर्षांनीही परत येता येते.

कंपनीला मोठ्या चाहत्यांची दखल का घ्यावी लागली?

ही दखल सहजासहजी घेतली गेली नाही. लेगो हे मुलांचे खेळणे आहे, मोठे चाहते म्हणजे अपवाद, अशी कंपनीची बराच काळ धारणा होती. पहिला धक्का १९९८ मध्ये बसला. ‘माइंडस्टॉर्म्स’ हा रोबो संच बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच एका विद्यार्थ्याने त्याच्या नियंत्रकाचे गुपित उलगडून ते खुले केले. कोर्टात जावे की कसे, यावर खल झाला आणि कंपनीने असे बदल करण्याची चाहत्यांना मुभा देण्याचा मार्ग निवडला. त्याच रोबोची पुढची आवृत्ती घडवताना तर चार मोठ्या चाहत्यांना सल्लागार म्हणून बोलावण्यात आले. ती २००६ मध्ये आली.

दरम्यान कंपनी डबघाईला आली होती. थीम पार्क, कपडे, व्हिडीओ गेम असा पसारा वाढला होता. वेगवेगळ्या सुट्या भागांची संख्या १३ हजारांच्या घरात गेली होती. २००४ मध्ये जर्गन व्हिग नुडस्टॉर्प मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. संस्थापक कुटुंबाबाहेरची व्यक्ती या पदावर येण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांनी सुट्या भागांचे प्रकार जवळपास निम्म्यावर आणले, थीम पार्कमधील बहुतांश हिस्सा विकला आणि विटेवर पुन्हा लक्ष केंद्रित केले. चाहत्यांशी जाणीवपूर्वक संवाद सुरू झाला तो याच काळात.

त्याची फळे पुढे दिसली. मूळचे चाहते असलेले जेमी बेरार्ड कंपनीत रचनाकार झाले आणि २००७ मध्ये ‘कॅफे कॉर्नर’ ही २,०५६ तुकड्यांची इमारत आली. एकमेकींना जोडून रस्ता उभा करता येईल अशा इमारतींची ती मालिका आजही सुरू आहे. शिकागोचे वास्तुरचनाकार अ‍ॅडम रीड टकर यांच्या प्रयोगांतून २००८ मध्ये ‘आर्किटेक्चर’ मालिका निघाली. जपानमध्ये त्याच वर्षी सुरू झालेल्या उपक्रमातून आजचा ‘लेगो आयडियाज’ उभा राहिला. त्यात चाहत्याच्या रचनेला १० हजार मते मिळाली तर कंपनी तिचा विचार करते. ती बाजारात आलीच, तर निव्वळ विक्रीच्या एक टक्का रक्कम त्या चाहत्याला मिळते.

जोडण्यात असा कोणता आनंद आहे?

दिवसभर पडद्यावर काम करणाऱ्याच्या हाताला संध्याकाळी काही दिसत नाही. पाठवलेले ईमेल आणि संपलेल्या बैठका टेबलावर मांडता येत नाहीत. विटांचे काम त्याच्या उलट असते. प्रत्येक पायरीला पुढचा तुकडा कोणता हे ठरलेले असते, चूक झाली तर लगेच कळते आणि तासाभरात काहीतरी उभे राहिलेले दिसते.

यावर प्रयोगही झाले आहेत. वर्तनअर्थशास्त्रज्ञ डॅन अरिली व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सहभागींना पैसे देऊन लेगोच्या बायोनिकल आकृत्या जोडायला दिल्या. दर आकृतीमागे मोबदला थोडा थोडा कमी होत जाई. एका गटाच्या पूर्ण झालेल्या आकृत्या समोर मांडून ठेवल्या जात, तर दुसऱ्या गटाच्या आकृत्या त्यांच्या डोळ्यांदेखत मोडून तेच तुकडे पुन्हा दिले जात. पैसे सारखेच होते. तरी पहिल्या गटाने सरासरी १०.६ आणि दुसऱ्याने ७.२ आकृत्या जोडल्या. केलेले काम दिसत राहणे, हीच काम करण्याची मोठी प्रेरणा असते, असा त्याचा अर्थ. अरिली यांचा सहभाग असलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात माणसे स्वतः जोडलेल्या वस्तूंना अधिक मोलाचे मानतात असे आढळले. त्याला ‘आयकिया इफेक्ट’ म्हणतात.

म्हणूनच अनेक चाहते काही वर्षांनी सूचनापुस्तिका बाजूला ठेवून स्वतःच्या रचनांकडे वळतात. ‘माय ओन क्रिएशन’ची आद्याक्षरे घेऊन अशा रचनेला ‘मॉक’ म्हटले जाते. आपले रेल्वे स्थानक, आजोळचा वाडा, पाडली गेलेली शाळा असे काहीही त्यात उभे राहू शकते.

खेळणे की गुंतवणूक?

मोठ्यांबरोबर मोठ्यांचे व्यवहारही या खेळात आले. कंपनी ठरावीक काळाने संचांचे उत्पादन थांबवते. त्यानंतर न उघडलेल्या खोक्यांचे भाव वाढू लागतात. रशियातील दोन संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातील दोन हजारांहून अधिक संचांच्या किमती तपासल्या, तेव्हा दुय्यम बाजारात सरासरी वार्षिक परतावा ११ टक्के असल्याचे दिसले. पण ही सरासरी आहे. काही संचांची किंमत निम्म्यावरही आली होती. शिवाय खोके ठेवायला जागा लागते, ते दबून चालत नाही आणि विकत घेणारा शोधावा लागतो. सुट्या विटांच्या खरेदी-विक्रीसाठी २००० मध्ये एका चाहत्याने सुरू केलेले ‘ब्रिकलिंक’ हे संकेतस्थळ लेगोनेच २०१९ मध्ये विकत घेतले.

यातली विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जोडायचे, मोडायचे आणि पुन्हा जोडायचे म्हणून ज्या खेळण्याची ख्याती, त्याची सर्वाधिक किंमत कधीच न उघडलेल्या खोक्याला मिळते. २०१७ मध्ये आलेल्या ७,५४१ तुकड्यांच्या ‘मिलेनियम फाल्कन’ची किंमत सुमारे ८०० डॉलर होती. असा संच घेणाऱ्या बहुतेकांच्या घरात तो एकदाच जोडला जातो आणि काचेच्या कपाटात जातो. घरातल्या मुलांना अनेकदा त्याला हात लावायची परवानगी नसते.

मेकॅनोचे काय झाले?

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये या खेळाचे पेटंट घेतले. समान अंतरावर भोके असलेल्या धातूच्या पट्ट्या, चाके, दांडे, पुली आणि नट-बोल्ट एवढाच ऐवज. भोकांमधील अर्ध्या इंचाचे अंतर ठरलेले असल्याने कोणताही भाग कशालाही जोडता येई. ‘मेकॅनो’ हे नाव १९०७ मधले. यावर अभियंत्यांच्या पिढ्या वाढल्या. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोचे भाग वापरून अवघड समीकरणे सोडवणारे यंत्र उभारले. रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे हॅरल्ड क्रोटो यांनी आपल्या जडणघडणीचे श्रेय या खेळण्याला दिले होते.

तरीही लिव्हरपूलचा प्रसिद्ध कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. मालक बदलत गेले. फ्रान्समधील कॅले येथील कारखाना बंद करण्याची घोषणाही २०२३ मध्ये झाली. मेकॅनोकडे परतणारे चाहते कमी नव्हते. ब्रिटनमध्ये आजही त्यांची मंडळे आहेत, प्रदर्शने भरतात, खऱ्या यंत्रांना लाजवतील अशा क्रेन तिथे चालतात. मात्र त्या चाहत्यांत ज्येष्ठांचाच भरणा मोठा आहे. प्लास्टिकची झटपट जुळणारी खेळणी आल्यावर मुले या डब्याकडे यायची कमी झाली. लहानपणी हा डबा मिळालाच नाही, अशा पिढीला त्याकडे परतण्याचे कारण उरले नाही.

मराठी घरांतली पिढी कशाकडे परतते?

इथे चित्र थोडे वेगळे आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्या बहुतेक मराठी मुलांच्या वाट्याला लेगो आले नाही. परदेशातून आलेल्या नातेवाइकाने आणले तरच ते घरात दिसे. वाढदिवसाला मिळायचा तो भारतीय बनावटीच्या ‘मेकॅनिक्स’चा डबा किंवा साधे प्लास्टिकचे ठोकळे. त्यामुळे आज लेगो घेणारे अनेक जण आपल्या बालपणाकडे नव्हे, तर बालपणी राहून गेलेल्या इच्छेकडे परतत आहेत. ही इच्छा स्वस्तही नाही. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले.

पण जोडणीचा खेळ पैशांवाचून अडत नाही, हे याच मातीत दाखवून दिले गेले आहे. पुण्यात ‘टेल्को’त काम केलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून त्रिमितीय आकार जोडण्याची युक्ती शोधली. ‘मॅचस्टिक मेकॅनो’ म्हणून ती पुढे अनेक शाळांत पोहोचली. नंतर ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी घडवली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

दिवाळीतला किल्ला हाही याच जातीचा खेळ. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांतून बुरूज उभारायचे, अळीव पेरायचे, मावळे मांडायचे आणि तुळशीच्या लग्नानंतर सारे मोडून पुढच्या वर्षी नव्याने सुरू करायचे. मुलांच्या किल्ल्यात हात घालणारे बाबा आणि काका अनेकदा मुलांपेक्षा जास्त रमलेले दिसतात.

पुन्हा सुरुवात करायची तर?

सुरुवात जुन्या डब्यापासून करणे सर्वात स्वस्त. लेगोच्या विटा ४० अंशांपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने धुवाव्यात. यंत्रात टाकू नयेत, उन्हात वाळत घालू नयेत. उन्हाने पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात. वर्गवारी रंगापेक्षा आकारानुसार करावी, असा अनुभवी चाहत्यांचा सल्ला असतो. एकाच आकाराच्या ढिगात लाल तुकडा चटकन दिसतो, पण लाल तुकड्यांच्या ढिगात हवा तो आकार सापडत नाही. अनेक जुन्या संचांच्या सूचनापुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ‘रीब्रिकेबल’सारख्या संकेतस्थळावर आपल्याकडच्या संचांची नोंद केली, तर त्याच तुकड्यांतून आणखी काय बनेल हे कळते. विटेच्या मूळ पेटंटची मुदत कधीच संपली आहे. विटेच्या आकाराला ट्रेडमार्कचे संरक्षण देण्यासही युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये नकार दिला. त्यामुळे इतर कंपन्यांच्या जुळणाऱ्या विटा कायदेशीरपणे मिळतात. मात्र लहान मुलांच्या हाती द्यायच्या असतील, तर बीआयएसचे प्रमाणचिन्ह पाहून घ्यावे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांसाठी ते बंधनकारक आहे.

पुढे काय?

लेगो आणि मेकॅनो यांत एक फरक ठळक दिसतो. लेगोने मोठ्यांना परत बोलावले, पण मुलांसाठीचे संच बनवणे सोडले नाही. मेकॅनोकडे जुने चाहते राहिले आणि नवी मुले येईनाशी झाली. आज तीस-चाळीस वयात परतणारे लोक परततात, कारण वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी कोणीतरी त्यांच्यापुढे डबा ओतला होता आणि काय करायचे ते त्यांच्यावर सोडले होते. आजची सात-आठ वर्षांची मुले तेवढा वेळ पडद्यासमोर घालवत असतील आणि घरातले मोठे संच काचेमागे असतील, तर आणखी तीस वर्षांनी परतणारे कोण असतील, हा प्रश्न उद्योगाइतकाच पालकांपुढेही आहे. त्याचे उत्तर महागड्या खोक्यातच शोधावे लागेल असे नाही. माळ्यावरून उतरवलेल्या डब्यातल्या निम्म्या विटा मुलांच्या हाती दिल्या आणि त्यांनी त्या हव्या तशा जोडल्या, मोडल्या, एखादी कपाटाखाली हरवली, तरी पुरेसे आहे.